व्याह्यांच्या गिटारची चमक

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ कुठल्या तरी सैल जोडणीत असतं, असं ठामपणे मानणारा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघावा, याला काय म्हणावं! आमच्या मानसीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. बैठक आमच्याकडे, अलिबागला. पोहे झाले, चहा झाला, आणि मी मुलीचा बाप म्हणून अंग चोरून बसलेलो. आता हे देण्याघेण्याचं काढतात की पत्रिकेचं, या धास्तीत. व्याह्यांनी घसा खाकरला, हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "तुमच्याकडे अर्थिंग आहे का हो?" मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. तोवर त्यांनी खिशातून टेस्टर काढून टीव्हीच्या प्लगात खुपसलाही होता. "आहे," ते म्हणाले, "पण असून नसल्यासारखं." लग्न ठरलं. आणि लग्नाच्या आधी एका सकाळी हा गृहस्थ, चक्क मुलाकडचा, श्रीवर्धनहून मीठ आणि कोळशाची पोती घेऊन आला आणि अर्थिंगसाठी माझ्या अंगणात खड्डा खणून घेऊ लागला. कारण काय, तर मुलाच्या लग्नात त्यांना आमच्या मांडवात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती, आणि अर्थिंग धड नसलं की ती गुणगुणते. मुलीकडच्यांनी यावर काय बोलायचं? मी निमूटपणे खड्ड्यात पाणी ओतत होतो.

घरची सुपारीची वाडी, जन्मभराची नोकरी टेलिफोन खात्यात, आणि तरुणपणी संध्याकाळच्या ऑर्केस्ट्रात गिटार, असं यांचं आयुष्य. वाडी भावांनी सांभाळली, नोकरी आपोआप संपली, राहिली गिटार. तिची जी बडदास्त या घरात चालते ती जावयाचीसुद्धा कुठे चालत नसेल. समुद्राच्या हवेनं तारा गंजतात म्हणून वाजवून झाल्यावर एकेक तार मऊ सुती कापडानं पुसायची. हे कापड विहीणबाईंच्या लुगड्याचंच लागतं, आणि लुगडं जुनं झालं की नाही हे व्याही ठरवतात! पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि गिटारची मान वाकते, म्हणून तिला कपाटात ठेवून आत बल्ब पेटता ठेवायचा. विहीणबाईंचे पापड मात्र त्याच पावसाळ्यात सादळून चामड्यासारखे होतात. "पापड पुन्हा लाटता येतात," असं एकदा व्याही म्हणाले होते. त्या दिवशी त्यांना जेवायला काय मिळालं हे मानसीनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. त्या मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, आणि किल्लीनं ती आवळून किंवा सैल करून मान सरळ करतात, हे ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं. किल्ली लावली की ते एक डोळा मिटून मानेवरून असे बघतात, जणू बंदुकीचा नेमच धरलाय, आणि त्या वेळी समोरून कुणी जायचं नाही. मी एकदा गेलो. "व्याही, थांबा! मान सरळ होतेय," ते ओरडले, आणि मी, बासष्ट वर्षांचा माणूस, पाय उचललेला तसाच धरून उभा राहिलो.

पण हे सगळं परवडलं, गुणगुणीचा शोध नको. अ‍ॅम्प (म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं) लावला आणि त्यातून बारीकशी गुणगुण आली की व्याही घरातली एकेक वस्तू बंद करत सुटतात. आधी पंख्याचे रेग्युलेटर, मग ट्यूब, मग फ्रिज. मानसी घरून काम करते. एकदा ती कंपनीच्या साहेबांशी बोलत असताना यांनी इंटरनेटचा डबाच काढला आणि वर तिला म्हणाले, "अगं, तुमच्या मीटिंगची गुणगुण माझ्या अ‍ॅम्पात येत होती." मानसी माझी मुलगी आहे, तोंडाळ आहे. ती म्हणाली, "बाबा, साहेबांच्या डोक्यातही येते, ती बंद करता येईल का?" यावर सासरा आणि सून दोघंही पोट धरून हसले. खरं सांगतो, मुलगी चांगल्या घरी पडली याची खात्री मला ते ऐकून पटली.

बिघाड शोधण्याची त्यांची रीत एकच. "व्याही, डोकं चालवायचं नाही," ते मला समजावतात, "बदलत जायचं. वायर बदला. नाही गेला बिघाड? जॅक बदला. मग आतली बटणं, मग पिकअप, मग अ‍ॅम्प. जे बदलल्यावर बिघाड जातो, दोष त्याच्यात." ही रीत ते कशालाही लावतात. भाताला करपट वास आला तेव्हा त्यांनी आधी गॅसचा रेग्युलेटर बदलला होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या गिटारची चमक गेली. चमक हा त्यांचा शब्द. बारीक तारांचा जो लखलखीत, टोकदार आवाज असतो तो. "कांबळं पांघरून बोलतेय," म्हणाले. तारा बदलल्या, वायर बदलली. आतली बटणं उपसून नवी बसवली, डाग देऊन देऊन माजघरात धूर केला. पिकअप म्हणजे तारांखालची ती चुंबकाची पट्टी. ती वर उचलली, खाली केली, मुंबईहून दुसरी मागवली. मी जाईन तेव्हा गिटारचं पोट फाडलेलं आणि व्याही त्यात डोकं घालून बसलेले. आम्हाला सगळ्यांना ती पूर्वीसारखीच वाजते असं वाटायचं, पण आमचं कोण विचारतो? फक्त मानसी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तुमच्या व्याह्यांना हल्ली कुकरची शिट्टी ऐकू येत नाही." मी तिला गप्प केलं. सासऱ्याच्या कानाबद्दल सुनेनं बोलायचं, आणि तेही माहेरच्या माणसापाशी? शोभत नाही.

आसपासचे लोक आपल्या गिटारी नीट करायला व्याह्यांकडे आणतात, त्यात अलिबागकडचा एक गिटारवाला आहे. दिवसा टेंपो चालवतो आणि लग्नसराईत हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. चांगला पन्नाशीचा गडी, पण आपली गिटार व्याह्यांखेरीज कुणाच्या हातात देत नाही. त्यानं सराईच्या तोंडावर गिटार नीट करायला आणून दिली आणि नेलीही. काही दिवसांनी तो पुन्हा दारात हजर. मी नेमका तिथेच होतो. तो बिचारा चप्पल काढतानाच अवघडला होता. "काका, रागावू नका," तो म्हणाला, "पन लय कर्कश झालीय. हळदीला लोकं कान दाबून बसली होती. कानात सुई जातेय नुसती." व्याही उखडले. "कर्कश? अरे, मुडद्यासारखी पडली होती ती, मी चमक आणली तिच्यात! तुझा अ‍ॅम्प भिकार असेल." आणि मग त्यांनी आपली रीत सुरू केली. त्याची गिटार आपल्या अ‍ॅम्पला लावली. आपली गिटार त्याच्या अ‍ॅम्पला लावली. वायरी बदलल्या. दर वेळी ते बारीक तार छेडायचे आणि त्याला विचारायचे. आपली ती कांबळ्यातली गिटार वाजवली की तो म्हणायचा, "ही बरोबर हाय काका, चकचकीत हाय." त्याची वाजवली की कानावर हात न्यायचा. सगळं बदलून झालं. व्याही हातात वायर धरून मधोमध उभे राहिले. मी मानसीकडे पाहिलं, तिनं जमिनीकडे.

"म्हणजे बदलायचा राहिलो मीच," व्याही म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. त्यांनी त्या माणसाची गिटार पुन्हा बसवून दिली, या खेपेला त्यालाच विचारून विचारून. तो गेल्यावर आपली गिटार पेटीत ठेवली, कपाटातला बल्ब काढला आणि विहीणबाईंना म्हणाले, "घे, पापड ठेव." त्या माउलीला रडू फुटलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की वयाप्रमाणे कानाची वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकण्याची ताकद गेली, ती परत येत नाही. मशीन मिळालं. माणसांचं बोलणं त्यातून छान कळतं, पण गिटार पत्र्याच्या डब्यात कोंबडी कोंडल्यासारखी येते म्हणाले. त्यानंतर पेटी उघडली गेली नाही. गिटारी घेऊन येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवायला लागले. आमच्याकडे आले तेव्हा प्लगाकडे नजरसुद्धा टाकली नाही, सोफ्यावर पाहुण्यासारखे बसले. मला ते बघवेना. ज्या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो असा शहाण्यासारखा वागायला लागल्यावर मला चैन पडेना, ही काय तऱ्हा!

परवा श्रीवर्धनला गेलो तर पडवीत गिटार काढलेली. मानसीनंच भरीस घातलं असणार, कारण ती आत चहाच्या निमित्तानं भांडी जरा जास्तच वाजवत होती. "व्याही, बसा इथे," ते म्हणाले. "मी वाजवतो, तुम्ही कसा आवाज येतो ते सांगा."

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही हो."

"कळायला कशाला हवं? ऐकू येतं ना? आवाज कसा असतो ते मला आठवतं. तुम्ही सांगा, मी जुळवतो." आणि त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.

बारीक तार वाजली. मी म्हटलं, तांब्यावर चमचा लागावा तसा. "तांब्या की वाटी?" तांब्या, मी म्हटलं. त्यांनी पिकअपचा स्क्रू फिरवला. आता वाटी. "पितळेची की स्टीलची?" असं बराच वेळ चाललं. मी घामाघूम झालो. शेवटी त्यांनी पुन्हा तार छेडली आणि मान वर करून माझ्या ओठांकडे बघत थांबले. त्या नजरेत इतकी आस होती की मला गलबलून आलं. वा, सुरेख, जमलं, असं म्हणून मोकळं व्हावं असं वाटलं. पण कोर्टात कारकुनी करण्यात माझा जन्म गेलाय, दयेपोटी दिलेली साक्ष समोरच्याला लगेच कळते. आणि ती यांना कळली असती तर ती पेटी पुन्हा उघडली नसती.

"अजून थोडी कमी आहे," मी ओठ नीट हलवून म्हटलं.

"मला वाटलंच," व्याही म्हणाले, आणि मोठ्या ऐटीत त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला.