विहीणबाईंची शिफारस

शिक्का मारल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट खरी होत नाही, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. रोज सूर्य उगवतो हे ती मान्य करते, पण जरा नाइलाजानंच. त्यावर सही कुणाची, हे तिला अजून कुणी दाखवलेलं नाही. माझ्या सुनेची ही आई मूळची वसईची. ऐन तरुणपणी आखातात फुजैराला आली आणि बंदरावरच्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून अशी काही बसली, की साहेब बदलले, जहाजं बदलली, पण खुर्चीतली बाई बदलली नाही. आता निवृत्त झाली तरी फुजैरा सोडत नाही. मी अल कुसैसला मुला-सुनेकडे राहते. दर शनिवारी ती आपली जुनी पांढरी गाडी डोंगरांमधून हाकत आमच्याकडे येते आणि वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ट्रकवाला असो की उंट, "यल्ला हबीबी, मूव्ह मूव्ह" म्हणते. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. कागदावर ते मला जमायचं नाही.

बोलताना ती "इन्शाल्ला" म्हणते आणि लगेच कपाळाला-छातीला हात लावून क्रूस काढते. वर अर्ज करताना कॉपी सगळीकडे गेलेली बरी, हा तिचा ऑफिसातला अनुभव. ऑफिसचं इंग्रजी तिच्या रक्तात इतकं भिनलंय, की आमची नात तान्ही असताना रडायला लागली, की ही तिला खांद्यावर टाकून पाठीवर थोपटत म्हणायची, "प्लीज डू द नीडफुल, बाय." आणि पोरगी खरोखर ढेकर द्यायची! एकदा मी तिला पुरणपोळीची कृती लिहून दिली, तर तिनं खाली माझी सही घेतली. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणाली, "उद्या पोळी फुटली, तर जबाबदार कोण?"

मुलाच्या लग्नात आमची पहिली भेट झाली, तेव्हा मी अगदी तरुण होते, म्हणजे बावन्न वर्षांची, आणि तरुणपणात असतो तेवढा माज अंगात होता. पुण्याची बी.ए., मंडळात भावगीतं गाणारी, आवाज बसला तरी न थांबणारी. मनात म्हटलं, फुजैराची टायपिस्ट ही, हिच्याशी आपण काय बोलणार? म्हणून मान तिरकी करून, वर्गात निबंध वाचावा तसं मी तिला ऐकवलं, की आमचं घर फार आधुनिक विचारांचं आहे, जात-धर्म आम्ही मानत नाही वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बरं झालं, विहीणबाई. आज जेवणात बोंबील ठेवलेत. तेवढे आधुनिक आहात का?" नव्हते. आता आहे. आता मी तिच्या ताटातलेसुद्धा उचलते.

पण तिची खरी कीर्ती म्हणजे शिफारसपत्रं. फुजैराचे कितीतरी ड्रायव्हर, आचारी, नर्सा आणि कारकून तिच्या पत्रावर नोकरीला लागलेत. शिफारसपत्र म्हणजे काय हे मला माहीत होतं, असा माझा समज होता. कॉलेज संपल्यावर आमच्या प्राचार्यांनी मला एक दिलं होतं: "सदर विद्यार्थिनी सुस्वभावी, मनमिळाऊ व होतकरू आहे." वर्षभर मी ते पर्समध्ये घालून स्वतःच्याच प्रेमात हिंडत होते. मग कळलं, की अख्ख्या वर्गाला तेच पत्र मिळालं होतं, कॉपी करताना धरलेल्या मुलीलासुद्धा. फक्त वरचं नाव बदललेलं. विहिणीचं तसं नव्हतं. एका आचाऱ्यासाठी तिनं लिहिलं होतं, "डाळ उत्तम करतो. हाताचा स्वच्छ. सोमवारी भांडतो." त्याला नोकरी लागली. साहेबानं त्याला सोमवारची सुट्टी दिली. ती म्हणते, "खोट्या पत्राला वास येतो, विहीणबाई. थोडा दोष लिहा, मग गुण खरे वाटतात. शिफारस म्हणजे जामीन राहणं आहे, स्तुती नाही."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमची नात. एकुलती एक. तिला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका भल्यामोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि घरात आनंदीआनंद झाला. मग एके दिवशी ती आमच्यापुढे येऊन म्हणाली, की तिला सोरोरिटीत जायचंय. मला वाटलं हा काही त्वचेचा आजार आहे. नातीनं डोळे फिरवले आणि समजावून सांगितलं. तिकडे कॉलेजातल्या मुलींची म्हणे भगिनीमंडळं असतात, ग्रीक अक्षरांच्या नावांची, प्रत्येकाचं स्वतःचं मोठं घर. कॉलेज सुरू होताना नव्या मुली घरोघर जातात, मंडळातल्या मुली त्यांना पारखतात आणि पसंत पडेल तिला घेतात. "म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम!" मी म्हटलं. "आजी, इट्स नॉट फनी," ती म्हणाली. त्यासाठी पूर्वी त्या मंडळात असलेल्या एखाद्या बाईचं शिफारसपत्र लागतं. तिकडच्या मुलींच्या आया, मावश्या, शेजारणी सगळ्या त्यातल्याच. "मला तिथे कुणीच ओळखत नाही," नात म्हणाली. हे मात्र ती मराठीत म्हणाली. आमची पोरं मराठीत बोलली, की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मी लगेच कामाला लागले. तिचं बायोडेटा पत्रक तयार केलं: उंची, वर्ण गव्हाळ, कथ्थक येतं, स्वभाव शांत (हे साफ खोटं), स्वयंपाकाची आवड (हे त्याहून खोटं). विहिणीनं ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मुलीला अमेरिकेत पाठवताय का कोल्हापूरला देताय?"

मग तिनं सूत्रं हातात घेतली. "शिफारसच ना? यल्ला, मी आणते." पुढच्या शनिवारी ती फाइल घेऊन आली. तीत चर्चच्या फादरचं पत्र, कथ्थकच्या बाईंचं पत्र, दातांच्या डॉक्टरांचं पत्र ("पेशंट तोंड व्यवस्थित उघडते"), आणि आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचंही, हिंदीत. प्रत्येकावर शिक्का. वॉचमनकडे शिक्का नव्हता, म्हणून त्यानं खालच्या किराणावाल्याचा मारला होता. नात ते बघून रडकुंडीला आली. "नॅना, हे नाही चालत! त्यांच्यातलीच बाई लागते, त्यांच्यातलीच!"

"मग तसं बोल ना गो. त्यांच्यातली बाई आणू."

आणि तिनं आणली! जुन्या ऑफिसातल्या ओळखी, बंदरावरचे कप्तान, त्यांच्या बायका, असं विचारत विचारत ती खोर फक्कानला पोचली. तिथल्या बंदरावर काम केलेल्या एका अमेरिकन इंजिनियरची विधवा समुद्राजवळ राहत होती, सोबत मांजरांचा मोठा गोतावळा. मांजरांना सोडून जाववेना म्हणून मायदेशी परतली नव्हती. ती बाई तरुणपणी दक्षिणेतल्याच कॉलेजात होती आणि नातीला हव्या असलेल्या मंडळांपैकी एकात होती. नातीनं मंडळाचं नाव ऐकलं आणि नॅनाच्या गळ्यातच पडली.

जूनच्या भाजत्या दुपारी आम्ही तिघी खोर फक्कानला गेलो. विहिणीनं बरोबर फुगे, म्हणजे वसईकडचे मैद्याचे टम्म फुगलेले गोळे, तळून घेतले होते. तिचा नियम आहे: शिफारस मागायची नसते, आधी जेवू घालायचं असतं, पोट भरलं की माणूस स्वतःच विचारतं, काय काम होतं. अमेरिकन बाईनं एक फुगा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा मांजराला न देता स्वतःच खाल्ला आणि विचारलं, "बोला, या मुलीबद्दल काय सांगाल?"

मी सरसावले. माझं इंग्रजी बी.ए.च्या काळात जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं. नात अभ्यासू, नात प्रेमळ, नात नम्र, नात मोठ्यांचा मान राखणारी. नम्र नात माझा पाय टेबलाखालून तुडवत होती. बाई नुसती हसून मान हलवत होती. पेन काही उचलत नव्हती.

तेवढ्यात विहीण म्हणाली, "मॅडम, ॲज पर माय नॉलेज, ही मुलगी सकाळी उठत नाही. काटा असलेला मासा खात नाही. हरली की दोन दिवस कुणाशी बोलत नाही." नातीचा चेहरा पांढरा पडला. विहीण पुढे म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही शाळेच्या सुट्टीत फुजैराला येऊन राहिली. मला बाथरूमला न्यायची. मी रागावले, शिव्या दिल्या. मला लाज वाटत होती ना, म्हणून. ही ऐकून घ्यायची आणि दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं गाणी म्हणायची, म्हणजे मला वाटावं, की हिचं लक्ष नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. प्लीज नोट."

मलाही ते माहीत नव्हतं. नात मांजराकडे बघत बसली. अमेरिकन बाईनं चष्मा पुसला आणि पेन उचललं.

इथवर सगळं सुरळीत होतं. बाईला कॉम्प्युटरचा तिटकारा, म्हणून तिनं स्वच्छ हस्ताक्षरात पत्र लिहिलं आणि सांगितलं, त्या घराच्या पत्त्यावर पाठवा. साधं टपाल. पण विहिणीच्या हातात बिनशिक्क्याचं पत्र म्हणजे मांजरापुढे दूध. ती ते थेट टायपिंग सेंटरवर घेऊन गेली. आमच्याकडे टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी कागदांचं ब्यूटी पार्लर. साधा कागद आत जातो आणि नटूनथटून बाहेर येतो. पत्राचा अरबी अनुवाद झाला. अनुवादकाचा गोल शिक्का, वर चौकोनी शिक्का, मग सरकारी अटेस्टेशन, स्टिकर, आणि सगळं हिरव्या फितीनं बांधून कुरियरनं अमेरिकेला. आम्हाला सांगितलंच नाही. का सांगेल? ती घरातून निघताना चपला घालते, ते सांगते का?

काही दिवसांनी नातीला तिकडून ईमेल आली. अतिशय अदबशीर. आपल्याकडून अरबी भाषेतले कायदेशीर कागद मिळाले आहेत. आमच्याविरुद्ध काही दावा आहे का? ते वकिलांना दाखवावेत का?

"नॅनाऽऽ!" नातीची किंकाळी शारजापर्यंत गेली असावी. विहीण मात्र खुशीत होती. "बघितलंस? घाबरले. याला म्हणतात पत्र." शेवटी खोर फक्कानच्या बाईनं फोन करून त्यांची समजूत घातली. ती फोनवर इतकी हसत होती, की त्यांची भीतीच गेली. पत्र दाखल झालं. ऑगस्टमध्ये नात गेली. विमानतळावर मी रडले, सून रडली. विहिणीनं पासपोर्टची झेरॉक्स नातीच्या प्रत्येक बॅगेत एक-एक घातली.

मग तो निवडीचा आठवडा. रोज नवे कपडे, रोज घरोघरी हसून बोलणं, रोज काही घरं गळणं. पहिल्या दिवशी नातीचा आवाज चिवचिवत होता, दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला, तो आईला नाही, मला नाही, नॅनाला. शनिवार होता, विहीण आमच्याकडेच होती, म्हणून आम्हीही ऐकलं. ज्या घरासाठी पत्र होतं, त्या घरानं तिला वगळलं होतं. बाकीच्यांनीही. खलास.

"कारण काय दिलं?" विहिणीनं विचारलं.

"दे डोन्ट गिव्ह रीझन्स, नॅना."

"कारण नाही. सही कुणाची?"

"कुणाचीच नाही. नुसती यादी येते फोनवर. तुमचं नाव असतं किंवा नसतं."

"कारण नाही, सही नाही, शिक्का नाही," विहीण म्हणाली. "मग बाय, हे रिजेक्शन झालंच नाही. मी नाही मानत."

पलीकडून रडण्यात गुरफटलेलं हसू ऐकू आलं. मग नुसतं रडणं. विहिणीनं फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. ऑफिसच्या इंग्रजीत अशा रडण्यासाठी वाक्य नसावं. मग हळूच वसईच्या बोलीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

नात आता सावरते आहे. हॉस्टेलमधल्या दोन मुलींबद्दल बोलते. अधूनमधून मराठीतही बोलते, तेव्हा मी कान टवकारते. इकडे मात्र भलतंच झालं. खोर फक्कानच्या बाईला निकाल कळवायला आम्ही गेलो, तर ती आमच्यापेक्षा जास्त चिडली. आता शनिवारी विहीण अल कुसैसला येते, मला गाडीत घालते आणि आम्ही दोघी पुन्हा डोंगर ओलांडून त्या अमेरिकन बाईकडे जातो. तिच्या मंडळातल्या बहुतेक मैत्रिणी वारल्यात. ती एकेकीचं नाव घेते, कोण कशी नाचायची ते सांगते आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहते. मी भावगीत म्हणते. मांजरं उठून जातात.

परवा तिनं सांगितलं, की त्यांच्याकडे मुलगी घ्यायची तर मतदान व्हायचं. विहीण लगेच ताठ बसली. "मग करूया ना. तिघी आहोत, कोरम पूर्ण." आणि ऑफिसच्या मीटिंगमधला आवाज काढून तिनं नातीचं पूर्ण नाव पुकारलं. समुद्रावरून गरम वारा येत होता. तीन म्हाताऱ्यांचे तीन हात वर झाले, माझा जरा दुखऱ्या खांद्यामुळे अर्धाच. विरोधात कुणी नव्हतं.

"चला, कळवूया तिला," मी फोन काढत म्हटलं.

विहिणीनं घड्याळाकडे बघितलं, मनाशी तिकडची वेळ मोजली आणि माझा फोन हळूच खाली केला.

"झोपू दे हो तिला, विहीणबाई," ती म्हणाली. "सकाळी उठत नाही ती."