नावावरची पट्टी

पोस्टरवर माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. वर फक्त प्रोजेक्टमधल्या माझ्या जोडीदाराचं नाव. तो इथल्या, नांदेडच्याच एका प्राध्यापकांचा मुलगा. एमएस्सीचा प्रोजेक्ट आम्हा दोघांचा होता, काम मी एकटीनं केलं होतं.

"लातूरच्या स्पर्धेत तोच बोलेल," सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "तू तिथं हाव-न्हाई करत बसशील. कॉलेजची शोभा होईल. तुमच्या लोकांना तसंही सगळं आयतंच मिळतं."

वर्ग हसला. पहिल्याच दिवशी सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. जोडीदार मोबाईलमध्ये बघत राहिला.

आयतं! पोस्टरवर फुटलेल्या एका ताऱ्याचे अवशेष होते. एकाच जागेची तीन चित्रं. साध्या प्रकाशातलं, क्ष-किरणांतलं, रेडिओ लहरींतलं. ती मी एका मापाची केली, एका दिशेला वळवली, शेजारी शेजारी लावली. साध्या प्रकाशात नुसते तुटक धागे, बाकी काळोख. क्ष-किरणांच्या चित्रात त्याच काळोखात तापलेल्या वायूचं भलंमोठं कडं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच ओरडले होते. दिसत नाही म्हणजे तिथं काही नाही, असं नसतं.

आणि आता मीच दिसत नव्हते.

मी घाबरले. लई घाबरले. गावाकडून, लोह्याहून एसटीत बसवताना बाबा दर वेळी सांगायचे, "सरांच्या तोंडी लागू नको, माय. मार्क त्यांच्या हातात हायत." नापास झाले तर शिक्षण संपलं. घरी लग्नाची बोलणी सुरूच होती. "हाव सर" अगदी ओठावर आलं होतं.

पण हात पोस्टरकडं गेला. नखानं पट्टीचं टोक उचकटलं आणि ओढलं. कागद सोलवटला. नाव अर्धवट फाटलं, तरी वाचता येत होतं.

"पट्टी परत लाव," सर म्हणाले.

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

"न्हाई लावत, सर. काम मी केलंय. मीच बोलणार."

आता इथंच रडू फुटतंय, असं वाटलं. फुटलं नाही.

सरांनी पोस्टर स्पर्धेला पाठवलंच नाही. मार्क पास होण्यापुरते दिले. त्यांच्या केबिनवरून मी घाईघाईनं, खाली बघत जायचे. तसल्या केबिनसमोरून अजूनही तशीच जाते. भीती गेली, असं खोटं मी सांगणार नाही. पण ज्या कुणाला माझ्या नावावर पट्टी लावायची असेल, त्यानं खुशाल लावावी. मी ती घाबरत घाबरत काढीन. दर वेळी काढीन.