माझ्या मापाचं हँडल

बायांनो, तुमच्या घरची गाडी कोनाच्या मापाची हाय? आज जरा पाहाच.

तीन वर्षं झाली, मी आमच्या ह्यांची मोटारसायकल घेऊन वावरात जाते. मनगटं दुखतात म्हटलं की हे म्हणत, "होईन सवय."

आज मालेगावच्या मिस्त्रीनं मले गाडीवर बसवून पाह्यलं. म्हणे, "ताई, तुमी हँडल धरून नाही, हँडलले लटकून राह्यल्या!"

त्यानं हँडल माझ्याकडे वळवलं, ब्रेक-क्लचचे लिव्हर खाली घेतले, मऊ ग्रिप घातले. आमच्या किन्हीराजा गावापर्यंत मी चक्क गाणं म्हणत आली.

संध्याकाळी हे गाडीवर बसले. "हँडल काहून असं पोटात येऊन राह्यलं?"

मी म्हटलं, "होईन सवय."