वरच्या वाडीच्या गाडीचं अधिवेशन

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अर्थसंकल्पी अधिवेशन ऐन मध्यावर असताना एका शनिवारी राज्याच्या विधानसभेचं कामकाज काही काळ पोलादपुरात चाललं. मुंबईत याची नोंद नाही. पण मी तिथे हजर होतो आणि माईक माझ्या हातात होता.

माझ्या हातात माईक असणं ही आमच्याकडे बातमी नव्हे. मी राहतो बिरवाडीला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, आणि सुट्टी मिळाली की महाड-पोलादपुरात जिथे सतरंजी आणि लाउडस्पीकर एकत्र येतील तिथे निवेदन करतो. बारशापासून क्रिकेटच्या बक्षिसांपर्यंत काहीही चालतं. त्या शनिवारी मला बोलावणं होतं आमदारताईंच्या सभेचं. अधिवेशन अर्धं झालं की ताई मतदारसंघात येतात, काय काय मांडलं आणि उरलेल्या दिवसांत काय लावून धरणार ते लोकांना सांगतात, आणि सोमवारी परत सभागृहात जातात.

स्टँडमागचा हॉल गच्च भरला होता. पुढच्या तीन रांगा वरच्या वाडीने धरल्या होत्या. ही वाडी पार डोंगरमाथ्यावर, घरटी म्हशी. वाडीला जाणारी संध्याकाळची एसटी लवकरच बंद होणार अशी कुणकुण होती. त्यांच्यातली एक काकी पोलादपुरातल्या हॉटेलांना दूध घालते, तिची माझी जुनी ओळख. तिची मुलगी महाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. सकाळी खाली येते, संध्याकाळी याच गाडीने वर जाते. घरच्या धन्याने स्पष्ट सांगून टाकलं होतं, गाडी बंद तर कॉलेज बंद.

मी माईक तपासत होतो तर काकी स्टेजपाशी आली.

"दादा, गाडीचं पयलं सांगायला लावा."

"काकी, ताईंचा क्रम ठरलाय. गाडी शेवटी आहे."

"म्हशीला क्रम सांगून बघा एकदा. पान्हा सोडते का बघा."

सभेच्या अध्यक्षस्थानी आमचे निवृत्त मुख्याध्यापक होते. सारा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. हार घालून झाला, मी चार गोड वाक्यं बोललो, गुरुजींचा डोळा लागला आणि ताई उठल्या. आता दोन आठवडे रोज विधानसभेत उभं राहणाऱ्या माणसाच्या तोंडाला एक वळण पडतं. ताईंनी सुरुवात केली, "अध्यक्ष महाराज, मी आपल्या माध्यमातून शासनाचं लक्ष वेधू इच्छिते..."

गुरुजी खाडकन जागे झाले. आपल्यालाच हाक आहे असं समजून ताठ बसले आणि म्हणाले, "बोला. थोडक्यात."

हॉल खदखदून हसला. ताईही हसल्या, पण तोंडाचं वळण काही सुटेना. सावित्रीतला गाळ, अध्यक्ष महाराज. दवाखान्यात डॉक्टर, अध्यक्ष महाराज. प्रत्येक वेळी गुरुजी गंभीरपणे मान डोलवत. मग मंत्री कशी उत्तरं देतात याची ताईंनी नक्कल केली. चष्मा नाकावर ओढून, घसा साफ करून, "सन्माननीय सदस्यांची मागणी तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल." लोकांनी टाळ्या पिटल्या. आमच्या लोकांना एकदा खेळ कळला की मग कोण ऐकतंय? उमरठकडचा एक शेतकरी उभा राहिला.

"अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा. वानरं सगळा पावटा खाऊन गेली, त्यांचा उल्लेख नाय."

"वानरं पुढच्या मुद्द्यात आहेत," ताई म्हणाल्या.

"सदस्यांनी वानरं येईपर्यंत थांबावं," गुरुजींनी निर्णय दिला.

मला इतकं सुख झालं की निवेदकाने काही बोलायचं असतं हेच मी विसरून गेलो. तेवढ्यात दारात कंडक्टर उभा राहिला.

"वरची वाडी. गाडी लागलीय. चला."

एकही माणूस हलला नाही. म्हणजे बघा, गाडी राहणार की जाणार हे ऐकायला बसावं तर गाडी जाणार, आणि गाडी गाठावी तर राहणार की जाणार ते कळणार नाही. तीन रांगा माना वळवून एकदा दाराकडे, एकदा ताईंकडे बघत होत्या. काकी उभी राहिली. पदर खोचला, आणि ताईंकडे न बघता थेट गुरुजींकडे बघून म्हणाली,

"अध्यक्ष महाराज, माझी पोरगी भायेर गाडीत बसलीय. गाडीचं काय झालं ते आत्ताच सांगायला लावा त्यास्नी."

"तो मुद्दा मी घेतलाय काकी," ताई म्हणाल्या, "त्याबाबत तपासून उचित..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. उमरठवाला तर बाकावर हात आपटून हसत होता. ताईंनी कपाळाला हात लावला.

"मला गाडी सोडावी लागंल," कंडक्टर म्हणाला.

आणि इथे, कसलाही अधिकार नसताना, मी माईक तोंडाशी नेला. "सभागृहाच्या उर्वरित कामकाजासाठी सर्व सदस्यांनी वरच्या वाडीच्या गाडीत स्थानापन्न व्हावे."

"मंजूर," गुरुजींनी टेबलावर पाण्याची बाटली आपटली.

ताईंचे सहायक कानाशी लागले, "ताई, महाडला लग्नाला जायचंय." ताईंनी चप्पल पायात सरकवली. "आपली गाडी मागून आण," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी बिरवाडीचा, मला डोंगरावर काय काम? पण हे सोडून घरी जाणारा मी नव्हे.

गाडीत महाडहून आलेली कॉलेजची पोरं होती, पहिल्या पाळीचे कामगार होते, त्यात आमच्या तीन रांगा घुसल्या. आमदारांसाठी राखीव अशी अक्षरं असलेल्या बाकावर पेंडीचं पोतं आणि पोत्याचा मालक बसले होते, आणि दोघांचाही उठायचा विचार दिसत नव्हता. काकीच्या मुलीने खिडकीपाशी दप्तर ठेवून आईची जागा धरली होती. ताई मधल्या वाटेत वरचा दांडा धरून उभ्या राहिल्या. पहिल्या वळणाला आख्खी विधानसभा डावीकडे कलली.

"आता सांगा," काकी म्हणाली.

ताईंनी क्षणभर बाहेर पाहिलं. आवाजातली मिश्किली गेली होती.

"काकी, मुद्दा शेवटी ठेवला कारण उत्तर बरं आलेलं नाही. लेखी आलंय. मी परत उठणार आहे त्यावर, गप्प बसणार नाही. पण ते म्हणतात, या फेरीला प्रवासीच नाहीत."

मुलीने आईचा हात धरला. तिकिटाचं मशीन डोक्यावर धरून दोन माणसांच्या मध्ये अडकलेला कंडक्टरही जागच्या जागी थांबला. काकीने मान वळवून गाडी मागच्या खिडकीपासून ड्रायव्हरपर्यंत एकदा नीट बघून घेतली. मग दांड्याला लोंबकळणाऱ्या ताईंकडे बघितलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"मंग ताय, तुमी उभ्या कशाला?"