दुपारी गुडघे दुखत नाहीत

लाँड्रीवालीच्या दुकानातून चुरगळलेला कपडा बाहेर गेलेला कुणी दाखवून द्यावा. गिऱ्हाईक दारात गाडी चालू ठेवून उभं असो, "राहू द्या हो, तसाच द्या," म्हणून हात पुढे करून असो, ही बाई तसा देणार नाही. "तुम्ही घालाल, पण लोक विचारतील मला," असं म्हणून ती कॉलर आणखी एकदा दाबणार, बाही दुमडणार, आणि मगच कपडा सोडणार. नवरा मालाच्या ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा. दुकान हिचं, तोंडही हिचं, आणि त्या तोंडाला सगळी गल्ली वचकून.

तिला एकच मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती की बाप म्हणाला, "ही पोर आहे का शर्टाचं बटण?" तेव्हापासून ती बटणच.

बटणाचं दुखणं सुरू झालं ते अशा चोरपावलांनी की आधी कुणाला ते दुखणं वाटलंच नाही. सकाळी उठली की पोर पलंगावरून उतरेना. उतरलीच तर गुडघे वाकवून, भिंतीला धरून, चार पिढ्या बघितलेल्या म्हातारीसारखी चालायची. दुधाचा पेला दोन्ही तळव्यांत धरायची, बोटांनी नाही. गणवेशाचं बटण तर तिला लावताच येईना. आणि दुपार झाली की हीच पोर दुकानासमोर दोरीच्या उड्या मारायची!

घर दुकानाच्या माथ्यावर; त्याच्याही वरच्या मजल्यावर राहणारी नणंद दुपारची भाजी निवडायला खाली दुकानात यायची, तिला दिसायच्या त्या उड्या. "वहिनी, अगं शाळा बुडवायची नाटकं आहेत ही. सकाळी लंगडी, दुपारी घोडी. एक धपाटा घाल, बघ कशी सरळ होते."

"धपाटा कुणाला घालायचा ते मी ठरवीन," लाँड्रीवाली म्हणायची. पण रात्री मनात यायचं, खरंच नाटक करत असेल का?

गल्लीतल्या डॉक्टरने सांगितलं, वाढीचं दुखणं आहे, दुखलं की हे सिरप द्या. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढून उजेडापुढे धरला आणि म्हणाला, हाडं झकास आहेत. तिसऱ्या एकाने चष्मा पुसत विचारलं, "घरात भांडणं होतात का? मुलं असं लक्ष वेधून घेतात."

"होतात ना," ती म्हणाली. "आता तुमच्याशी होणार आहे."

झालंही. पण भांडून गुडघा मोकळा होत नाही. पूर्वी बटण डबा भरेपर्यंत सैल व्हायची. मग दुकान उघडेपर्यंत वेळ लागायला लागला. आता पहिल्या फेरीचे कपडे दोरीवर चढले तरी पाय वाकलेलाच. लाँड्रीवालीला एकच धास्ती बसली, की एखाद्या दिवशी हा गुडघा असाच राहील, आणि तेव्हाही कुणीतरी हाडं झकास आहेत म्हणून सांगेल.

मोठ्या इस्पितळात मुलांच्या सांध्यांचा दवाखाना भरतो असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं. मुलांच्या सांध्यांचे आजार, शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून होणारे आजार, हे लवकर ओळखायचे कसे आणि किती बळावलेत ते मापायचं कसं, यावर तिथे संशोधन चालू होतं. आजार पक्का ठरला की औषध तिथलंच, देखरेखही तिथलीच. नाही ठरला तर पुन्हा कधी नंबर लागेल ते सांगता येत नाही. दवाखान्याची वेळ दुपारची.

ती तयारीला लागली. मोठी डॉक्टर बघणार, म्हणजे मूल नीट दिसायला नको? दोन दिवस आधीपासून सिरप चालू केलं. त्या सकाळी बटणाला गरम पाण्याच्या टबात बसवली, पाणी निवलं की पुन्हा गरम ओतलं. मग दुकानातल्या प्रेसखालून निघालेले टॉवेल, हात लावला तर चटका बसेल असे, फडक्यावरून गुडघ्यांना गुंडाळले. बोटं एकेक करून चोळली. केस विंचरले, कडक फ्रॉक घातला. दुपारी बटण इस्पितळाच्या पायऱ्या स्वतः चढली आणि आईची मान ताठ झाली.

खोली लहान होती. तपासायच्या टेबलावर निळी चादर, कोपऱ्यात उंची मोजायची पट्टी, भिंतीवर जिराफाचं चित्र. डॉक्टर तरुण होती, केसांचा बुचडा पेनाने खोवलेला. तिने बटणाचे सांधे एकेक करून दाबले, वाकवले, सरळ केले. मग तिच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर आडवी रेघ होती. एका टोकाला लिहिलं होतं "अजिबात दुखत नाही", दुसऱ्या टोकाला "सहन होत नाही". "किती दुखतं ते या रेघेवर खूण करून दाखव हं."

बटणाने "अजिबात नाही"च्या अगदी जवळ फुली मारली.

"अगं ए! खरं सांग ना!" आई खुर्चीवरून उठलीच.

"ताई, तुम्ही मध्ये बोलू नका. तिचं तिला ठरवू दे."

"रोजच्याइतकंच दुखतं," बटण म्हणाली.

"रोजच्याइतकं म्हणजे किती, बाळा?"

"रोजच्याइतकं."

डॉक्टरने फुली कुठे आहे ते पट्टीने मापलं आणि लिहून घेतलं. आईने दीड वर्षाची सगळी कहाणी सांगितली, तिची एक ओळ झाली. मग डॉक्टर म्हणाली, "गुडघा किंचित फुगीर वाटतोय, पण मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्ही सांगता ते मी ऐकलंय. पण नियम असा आहे की सांधा सुजलेला, आखडलेला तपासणाऱ्याला दिसला पाहिजे."

"म्हणजे मी खोटं बोलते."

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलं? अहो, सकाळी बघा हिला! टबात बसवली, टॉवेल शेकले, दोन दिवस सिरप पाजलं, तळहाताची साल निघेस्तोवर चोळली, तेव्हा कुठे ही पायऱ्या चढली. नाहीतर गाठोड्यासारखी उचलून आणावी लागली असती!"

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. "हे सगळं आज केलंत?"

"केलं ना. चार लोकांत न्यायचं पोरीला."

"आधीच्या डॉक्टरांकडे नेताना?"

"तेव्हाही. प्रत्येक..." आणि लाँड्रीवालीचं वाक्य तिथेच तुटलं. समोर निळ्या चादरीवर बटण बसली होती. कडक फ्रॉक, चापूनचोपून विंचरलेले केस, कुठे सुरकुती नाही. आपणच दाबून, घडी घालून, दर वेळी या लोकांच्या हातात दिली होती. डाग काय दिसणार त्यांना?

दुसरी बाई असती तर रडली असती. ही भडकली.

"मग तुम्ही दुपारी कशाला बसता? दुखणं सकाळचं, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण सकाळी ही खोली लसीकरणाची असते."

"वा! संशोधन सकाळच्या दुखण्याचं आणि दवाखाना दुपारचा! पावसाचं माप घ्यायला छत्री उघडून बसल्यासारखं झालं हे."

डॉक्टरचे कान लाल झाले. "वेळेची ती पाटी मी लावलेली नाही, ताई."

"काढायला तरी हात लावा."

मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "परवा आणा. उठल्याउठल्या. सिरप आजपासून बंद. अंघोळ नाही, शेक नाही, चोळणं नाही. आहे तशी आणा."

"आहे तशी?" लाँड्रीवालीने विचारलं. धुवायला आलेला कपडा तसाच परत द्या, असं कुणी सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला.

परवाची सकाळ उजाडली. बटणाने पलंगावरूनच हाक मारली, "आई, टॉवेल."

"आज नाही."

"का?"

"डॉक्टरला दाखवायचंय."

"मग तर पाहिजे ना टॉवेल!"

पोरीला हे शिकवलं कुणी? आईने तिला धरून उभी केली. बटण रडत नव्हती, नुसते ओठ आत ओढून घेत होती. जिन्याशी नणंद भेटली. "वहिनी, अगं हा काय अवतार? केस तरी विंचर पोरीचे! आई आहेस का कोण आहेस?"

लाँड्रीवालीने उलट उत्तर दिलं नाही. त्यानेच नणंद चपापली. मग तिचं लक्ष बटणाच्या पायांकडे गेलं. सकाळच्या बटणाला ती पहिल्यांदाच बघत होती. दोन्ही गुडघे वाकलेले, टाचा जमिनीला टेकत नाहीत, एकेक पायरी बुडावर बसून उतरत होती. नणंदेने हातातली पिशवी तिथेच टाकली आणि दुसऱ्या बाजूने पोरीला धरलं. रस्त्यापर्यंत आली, गाडी थांबवली, दार लावून दिलं.

इस्पितळाच्या फाटकावर पहारेकरी उभा. "सांध्यांचं दुपारी. दुपारी या, मावशी."

"दुपारी दुखत नाही हिचं!"

"मग आणलंत कशाला?"

"अरे, आत्ता दुखतंय म्हणून आणलंय!"

"आत्ता लसीचं आहे. लस द्यायची का?"

तिच्या जिभेवर जे आलं ते इथे लिहीत नाही. डॉक्टरला फोन लावला, उचलला जात नव्हता. फाटकाजवळच्या बाकावर बटणाला बसवली. ऊन सरकत सरकत बाकावर आलं, आणि पोरीने दोन्ही पाय हळूच उन्हाकडे वळवले. चेहरा जरा सैलावला. ऊब लागली की गुडघा सैल होणार, गुडघा सैल झाला की पुन्हा तेच, फुगीर वाटतोय पण सांगता येत नाही! तिने मुलीला उन्हातून उचललं आणि भिंतीच्या सावलीत, गार फरशीवर नेऊन बसवलं.

"आई, थंडी वाजते."

"बस जरा."

दीड वर्षं जिने शेक दिला, तिनेच पोरीला ऊन नाकारलं. येणारेजाणारे बघत होते. एक बाई तर थांबून म्हणाली, "कसली आई म्हणायची ही!" लाँड्रीवालीने तिच्याकडे असं बघितलं की बाई चालती झाली.

डॉक्टर आली ती पळतच, कोट हातावर टाकलेला. वॉर्डात अडकले होते, म्हणाली. आतल्या खोलीत लसीकरणाची रांग लागली होती. टेबल मोकळं नव्हतं, खुर्चीही नव्हती. ती तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसली आणि बटणाचा पाय मांडीवर घेतला. गुडघ्यावर हाताची पालथी बाजू ठेवली. सरळ करायला गेली, तो होईना. दुसरा बघितला, मग घोटे, मनगटं, एकेक बोट. मग पिशवीतून तोच रेघेचा कागद काढला.

"दुपारी दोरीच्या उड्या मारताना किती दुखतं, तिथे एक खूण कर."

बटणाने पहिल्या टोकाजवळ फुली मारली.

"आणि आत्ता?"

पेन्सिल मुठीत धरून तिने रेघेवरून हात नेला, नेला, आणि शेवटच्या टोकाला टेकवला. मग आईकडे बघितलं, चुकलं का, असं.

"लहान मुलांचा संधिवात आहे," डॉक्टर म्हणाली. "रक्त तपासू, सोनोग्राफी करू, पण आता मला शंका नाही. औषध लवकर सुरू करू. डोळेही तपासून घेऊ. यात डोळ्यांना आतून सूज येते आणि मुलाला कळतही नाही."

"संधिवात म्हाताऱ्यांना होतो."

"मुलांनाही होतो. शरीराचे शिपाई घरच्यांनाच चोर समजून बडवायला लागतात."

"आणि हा गुडघा?"

"सरळ होईल असं वाटतं. आधी आली असती तर 'वाटतं' म्हणावं लागलं नसतं." डॉक्टर घुटमळली. "ताई, यात तुमची एकटीची..."

"माझं मी बघते. तुम्ही तुमच्या पाटीचं बघा."

आजाराला नाव मिळालं की छातीवरचा दगड उतरतो म्हणतात. हिचा उतरला नाही. दीड वर्षाच्या सगळ्या सकाळी रांगेने समोर उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या हातात गरम टॉवेल.

"आई," बटण म्हणाली, "आता टॉवेल?"

लाँड्रीवाली उठली. वाफेचा वास तिला मघापासूनच येत होता. त्या वासामागे ती इमारतीच्या पाठी गेली. चादरींच्या ढिगाऱ्यात इस्पितळाचा धोबी घामाघूम उभा होता. "बाहेरच्यांना इथे मनाई आहे, बाई."

"मी बाहेरची नाही, दादा. लाँड्रीवालीच आहे. दोन टॉवेल दे, प्रेसखालचे. घडी घालून परत आणते."

त्याने तिच्या हातांवरचे चट्टे बघितले आणि दोन टॉवेल काढून दिले. फाटकापाशी, सगळ्यांच्या देखत, बटणाला पुन्हा उन्हात बसवून तिने ते पोरीच्या गुडघ्यांना गुंडाळले.

बटणाचं औषध चालू आहे. दवाखान्यावरची पाटी अजून दुपारचीच आहे. डॉक्टरने अर्ज केला, तर वरचे साहेब चौकशी करतो म्हणाले. ती पुन्हा गेली तर साहेब रजेवर होते. म्हणून तपासणीच्या दिवशी लाँड्रीवाली सकाळीच फाटकावर जाऊन बसते, डॉक्टरला खाली यायला लावते, आणि पहारेकऱ्याशी नेहमीचं भांडण उरकून घेते. दुपारी नंबर असलेली एखादी बाई लांबून आलेली असते, म्हणून सकाळपासूनच तिथे ताटकळत असते. मांडीवरचं मूल न्हाऊमाखू घातलेलं, भांग पाडलेलं.

"शेक देऊन आणलंत?" लाँड्रीवाली विचारते.

"हो तर. तसंच कसं आणायचं डॉक्टरपुढे?"

"तसंच आणायचं!" ती ओरडते, इतक्या जोरात की मूल दचकतं. मग बाजूला सरकून त्या बाईला बाकावर जागा करून देते, आणि पहिल्यापासून सांगायला लागते.