पांढऱ्या पातळाचं झबलं

पेटी उघडली की वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतो आणि राजूरजवळच्या आमच्या घराचा ओटा आठवतो. नागपूरला दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं पातळ आईनं वीस वर्षं जपलं होतं. ‘याला बिलकुल हात लावू नका, मी मेल्यावर हेच पांघरा,’ असं ती बजावायची. वहिनी बाळंत झाली आणि आईनं ओट्यावर बसून त्याच पातळाला कात्री लावली, बाळाच्या झबल्यासाठी. मी गोंधळून विचारलं, ‘आये, मंग तुला काय पांघरायचं?’ दातानं दोरा तोडत ती म्हणाली, ‘लेकराला नवं कापड टोचतं.’ हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं का, ते कळलं नाही. आता माझ्याही पेटीत मेल्यावर पांघरायला जपलेलं एक पातळ आहे. परवा नातीनं विचारलं, ‘हे कुणासाठी ठेवलंय?’ मी पेटीचं झाकण लावून घेतलं.