वखारीच्या काट्यावरची गाडी

निपाणीला रस्त्याकडेला आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, गॅरेज होतं. ते चालत नव्हतं. बेळगावच्या माळावर मोटारींची शर्यत होती. तिथं आपली गाडी पहिल्या तीनांत आली नाही तर गॅरेज मोडून ट्रकवर जायचं, असा शब्द ते एका ट्रकमालकाला देऊन बसले होते. ट्रकवरचा माणूस महिनामहिना घरी येत नाही. मी दोन मुलं सांभाळून तंबाखूच्या वखारीत कामाला जात होते. मला ते नको होतं.

गाडी जुनी, एंजिन हजार सीसीचं. नियम असा होता, की एंजिन मोठं तर गाडीही जड पाहिजे. आमच्या एंजिनाला सहाशे किलो. त्याच्या खाली गाडी घेत नसत. मालकांनी सीटा, काचा, दारांचे आतले पत्रे, सगळं उपटून काढलं. तशी उघडीनागडी गाडी मी निपाणीबाहेरच्या माळावर धावताना पाहिली आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवायची विसरले. वळणावर ती आडवी होऊन मातीवरून घसरायची आणि परत सरळ सुटायची. एवढंसं एंजिन, पण ओढायला काही उरलंच नव्हतं.

मग वखारीत बैलगाडीसकट माल मोजतात त्या काट्यावर तिचं वजन केलं. तेवीस किलो कमी भरलं. तेवढ्या लोखंडी पट्ट्या डिकीत बोल्टांनी आवळल्या, आणि गाडीचा जीवच गेला. चढ चढेना, वळणावर मागची बाजू फेकायला लागली.

मी भाकरी घेऊन गेले तेव्हा धाकटा दीर म्हणत होता, "आण्णा, मागं पडलेल्या त्या मोडक्या व्हॅनचं पंधराशेचं एंजिन बसव की."

"मग वजन आणि दोनशे किलो वाढवाय लागतंय. नाक जड झाल्यावर वळंल व्हय ती? सरळ उसात जाईल."

मी विचारलं, "वजन कुठं केलासा?"

"तुझ्याच वखारीत."

"अवो, त्या काट्यावर शेतकऱ्याचा तंबाखू कधी पुरा भरलाय? सारी निपाणी जाणती."

दीर हसला. "वैनी, काटा तंबाखूला मारत्यात. गाडीला कोण कशाला मारंल?"

"काट्याला काय कळतंय भाऊजी, वर तंबाखू हाय का गाडी?"

दोघांनी सिमेंटचं न फोडलेलं पन्नास किलोचं पोतं वखारीत नेऊन त्या काट्यावर ठेवलं. अठ्ठेचाळीस दाखवलं. गॅरेजात परतल्यावर मालकांनी भाकरी तशीच ठेवली आणि पाना उचलला.

बेळगावला शर्यतीच्या काट्यावर, पट्ट्या काढलेली आमची गाडी सहाशे एक भरली. समोर दुप्पट मोठ्या एंजिनांच्या गाड्या होत्या. सरळ वाटेवर त्या आम्हाला मागं टाकायच्या. वळण आलं की आपल्याच वजनानं बाहेर जायच्या, आणि आमची आतून निघायची. माझ्या तोंडात धूळ गेली तरी मला तोंड मिटता येईना. आजवर मी तसं काही पाहिलेलं नाही.

तिसरी आली.

मालक उतरले, पाणी प्याले आणि दिराला म्हणाले, "ट्रकवाल्याला सांगून ये, मी येत न्हाय म्हणून."